पादचारी आणि आपत्कालीन वाहनांना वाट देताना या चुका टाळा

वाट न देणाऱ्या चालकांविषयी पुष्कळ लिहिले जाते, परंतु वाट देण्याची मनापासून इच्छा असूनही ती चुकीच्या पद्धतीने देणाऱ्यांमुळे होणारे अपघात फारसे चर्चेत येत नाहीत. रस्त्यावरील प्राधान्याचे नियम देशागणिक थोडे बदलतात. मात्र आपण पुढच्या दोन क्षणांत काय करणार आहोत हे इतरांना आधी कळले पाहिजे, हे तत्त्व सर्वत्र एकच आहे. पुढील बहुतेक चुका तेथेच घडतात.

सर्वांत घातक चूक एकापेक्षा अधिक लेनच्या रस्त्यावर, झेब्रा क्रॉसिंगपाशी होते. एका लेनमधील चालक पादचाऱ्यासाठी थांबतो आणि शेजारच्या लेनमधून येणाऱ्याला ते वाहन उगाच अडून राहिले आहे असे वाटून तो तसाच पुढे जातो. थांबलेल्या वाहनाआडून बाहेर येणारा पादचारी आणि हा चालक यांना एकमेकांचे दर्शन होते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. रस्ते वाहतुकीविषयीच्या 1968 च्या व्हिएन्ना करारातही यासाठी स्वतंत्र तरतूद आहे : क्रॉसिंगकडे जाणाऱ्या किंवा त्याच्या अलीकडे थांबलेल्या वाहनाला मागे टाकून पुढे जायचे असेल, तर पादचारी दिसताच जागीच थांबता येईल इतकाच वेग ठेवावा लागतो. थांबणाऱ्यानेही पट्ट्यांना चिकटून न थांबता काही मीटर अलीकडे थांबावे, म्हणजे शेजारच्या लेनला पादचारी आधी दिसतो. तसेच हात हलवून ‘जा, जा’ अशी खूण करू नये. त्या खुणेचा अर्थ पादचारी ‘सगळा रस्ता मोकळा आहे’ असा घेतो, आणि ती हमी आपण देऊ शकत नाही.

आपण वेळेवर थांबू, हा विश्वासही तपासून पाहावा. ताशी 50 किलोमीटर वेगात, चालकाला प्रतिक्रिया देण्यास 1 सेकंद लागला असे धरले, तर ब्रेक लागण्यापूर्वीच वाहन सुमारे 14 मीटर पुढे गेलेले असते आणि कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबेपर्यंत ते अंतर 28 मीटरच्या आसपास भरते. ताशी 30 किलोमीटरला हेच अंतर साधारण 13 मीटर असते. म्हणून क्रॉसिंगवर माणूस दिसल्यावर वेग कमी करण्यापेक्षा क्रॉसिंगचा फलक दिसताच तो कमी करावा.

वळताना लक्ष समोरून येणाऱ्या वाहनांकडे लागलेले असते आणि ज्या रस्त्यात वळायचे तो ओलांडणारे लोक नजरेतून सुटतात. अनेक ठिकाणी त्यांनाही त्याच वेळी हिरवा दिवा असतो. पांढरी काठी घेतलेल्या दृष्टिहीन व्यक्तीसाठी थांबल्यावर हॉर्न वाजवणे ही आणखी एक सद्हेतूने होणारी चूक आहे, कारण ती व्यक्ती आवाजावरूनच रस्त्याचा अंदाज बांधत असते.

पादचाऱ्यांकडूनही चुका होतात. येणाऱ्या वाहनाचे अंतर आणि वेग न पाहता अचानक रस्त्यावर उतरणे नियमात बसत नाही. उभ्या बसच्या पुढून ओलांडणे टाळावे, आणि अर्ध्यावर गेल्यावर बिचकून मागे फिरणे तर विशेष धोक्याचे आहे, कारण आपण पुढे जाणार हे गृहीत धरून चालकाने आपला अंदाज बांधलेला असतो.

सायरन ऐकू येताच जागच्या जागी जोरात ब्रेक दाबणे ही रुग्णवाहिकेच्या बाबतीतली नेहमीची चूक. त्याने तिची वाट मोकळी होण्याऐवजी अडते. प्रथम गाण्यांचा आवाज कमी करून काच खाली करावी, आरशांत पाहून वाहन कोणत्या बाजूने येत आहे हे ठरवावे, मग इंडिकेटर देऊन सावकाश कडेला व्हावे. अरुंद पुलावर किंवा आंधळ्या वळणावर थांबण्यापेक्षा पुढची मोकळी जागा गाठणे श्रेयस्कर असते. सिग्नलवर असाल तर लाल दिवा ओलांडून चौकात शिरू नये. बऱ्याच देशांत अशी सवलत नाही, आणि आडव्या रस्त्यावरून हिरव्या दिव्यात येणाऱ्याला तुमच्या सद्भावनेची कल्पना नसते. थांबरेषेच्या आत राहूनच जमेल तेवढे बाजूला सरकावे.

मात्र त्यासाठी सरकायला जागा हवी. जर्मनीत महामार्गावरची वाहतूक अगदी मंदावली, की सायरन वाजण्याची वाट न पाहता सर्वांत डावीकडील लेनने डावीकडे आणि उरलेल्यांनी उजवीकडे सरकून मध्ये वाट ठेवायची असते, कारण वाहने एकमेकांना खेटून उभी राहिली की कोणालाच हलता येत नाही. कोंडीत पुढच्या वाहनाची मागील चाके जमिनीला टेकलेली दिसतील एवढे अंतर ठेवले, तरी चाक वळवून बाहेर पडता येते.

रुग्णवाहिका गेल्याबरोबर लगेच लेनमध्ये परतू नये; मागून दुसरे वाहन येत असू शकते, आणि अग्निशमन बंब तर अनेकदा एकामागून एक निघतात. मोकळ्या झालेल्या वाटेचा लाभ घेऊन त्यांच्या मागे सुसाट जाणाऱ्यांविषयी काही न लिहिलेलेच बरे.

शेवटची चूक दोन्ही नियमांच्या सांध्यावर होते. घाईघाईने कडेला होताना वाहन झेब्रा क्रॉसिंगवर उभे केले जाते किंवा पदपथावर चढवले जाते, आणि सायरन ऐकून रस्ता ओलांडायचे थांबलेले लोक नेमके तेथेच उभे असतात.