दारू सोडवायला आयुर्वेदिक औषध देताय? या चुका टाळा

‘पेशंटला न सांगता द्या, दारू कायमची बंद.’ एसटी स्टँडच्या भिंतीवर, लोकलच्या डब्यात आणि आता व्हॉट्सॲपवरही ही जाहिरात दिसते. तोवर घरातल्या बाईचे सगळे उपाय करून झालेले असतात. दवाखान्यात चला म्हणून विनवण्या झाल्या, नवस झाले, गळ्यात माळ घालून झाली. मग कुणीतरी नंबर देतं आणि पोस्टाने पुडी येते. तिला दोष द्यावा असं यात काहीच नाही. पण सगळ्यात घातक चूक इथेच होते, म्हणून आधी तिच्याबद्दल सविस्तर.

आमटीत कालवलेली पुडी

पुडीवर घटकांची यादी नसते, परवाना क्रमांक नसतो, बॅच नंबर नसतो. ‘शंभर टक्के जडीबुटी’ एवढंच असतं. अशा भुकटीत डायसल्फिराम असू शकतं. हे ॲलोपॅथीचं औषध आहे. ते पोटात असताना दारू घेतली की तिचं विघटन अर्ध्यावर अडतं आणि शरीरात ॲसिटाल्डिहाइड साठत जातं. चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदयविकार असलेल्या माणसाच्या तर जिवावर बेतू शकतं.

मानसोपचारतज्ज्ञ हेच औषध देतात तेव्हा आधी यकृत आणि हृदय तपासतात, रुग्णाची संमती घेतात, घरच्यांना कल्पना देतात. ‘आता प्यायलो तर त्रास होणार’ हे माणसाला माहीत असणं, यावरच हे औषध चालतं. आमटीतून गेलेल्या पुडीत ही माहितीच गायब असते. तो संध्याकाळी नेहमीसारखी क्वार्टर मारतो आणि कोसळतो. कॅज्युअल्टीतला डॉक्टर विचारतो, “काय घेतलंय यांनी?” बायको सासूकडे बघते आणि गप्प राहते. त्या वेळी गप्प राहू नका. पुडीचं पाकीट डॉक्टरांच्या हातात द्या, कधीपासून आणि किती दिलं ते सांगा. तुम्हाला शिक्षा व्हावी म्हणून ते विचारत नसतात.

पुडी देणं आधीच सुरू केलं असेल तर आजच थांबवा आणि त्याला सांगा. डायसल्फिरामचा परिणाम शेवटच्या डोसानंतर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. त्यामुळे ‘कालपासून बंद केलंय’ म्हणून धोका टळत नाही. तो चिडेल, भांडेल, पण सांगायलाच हवं. कायदाही हेच म्हणतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थिती मानसिक आजारातच धरल्या आहेत, आणि काही ठरावीक अपवाद सोडले तर उपचारासाठी रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती लागते.

‘काढा सुरू केला, आजपासून थेंबही नाही’

सकाळी उठल्या उठल्या ज्याला घोट लागतो, त्याची दारू एका दिवसात बंद करणं धोक्याचं आहे. साधारण सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणं सुरू होतं. घरात याला बाहेरची बाधा समजून अंगारा लावला जातो आणि मोलाचे तास निघून जातात. थेट रुग्णालय गाठा. तिथे ठरावीक शामक औषधं आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, देतात. ही अवस्था काढ्याने आवरत नाही.

आयुर्वेदालाही ही घाई मान्य नाही. चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा २४ वा अध्याय मदात्ययावर, म्हणजे मद्याने होणाऱ्या विकारांवर आहे. अंगवळणी पडलेली अहितकर सवय क्रमाक्रमाने सोडावी, असं सूत्रस्थानात सांगितलंय. अर्थात, घरी आपल्याच हिशेबाने रोज एकेक पेग कमी करावा, असा याचा अर्थ नाही. किती आणि कसं कमी करायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं.

अशक्तपणासाठी अरिष्ट

दारू सुटून दोन महिने झाले, अशक्तपणा आहे, म्हणून मेडिकलमधून अश्वगंधारिष्ट आणलं जातं. बाटली फिरवून लेबल वाचा. आसवं आणि अरिष्टं आंबवूनच तयार होतात आणि त्यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं. ते बहुधा पाच ते दहा टक्के असतं, म्हणजे बियरइतकं किंवा त्याहून जास्त. मदात्ययावर सांगितलेलं श्रीखंडासवसुद्धा शेवटी आसवच. दोन चमचे फार नाहीत, पण ती चव आणि तो वास नुकत्याच सावरलेल्या माणसाला पुन्हा ओढू शकतो. डायसल्फिरामवर असलेल्याला तर त्यातूनही त्रास होऊ शकतो. वैद्यांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगा, ‘यांची दारू सोडवतोय.’ मग ते चूर्ण किंवा वटी देतील.

‘ताकदीच्या गोळ्यां’बाबतही सावध राहा. कामिनी विद्रावण रसात अफू असते आणि हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं खनिज असतं. याच गोळ्यांचं व्यसन लागून उपचारांसाठी आलेल्या रुग्णांची नोंद ऑस्ट्रेलियापर्यंत झाली आहे. एक व्यसन सोडवताना दुसरं घरात आणू नका.

आणि ‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार’ हे दारूने थकलेल्या यकृताला लागू नाही. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. तो वाद तज्ज्ञ बघतील. तुम्ही काहीही सुरू करण्यापूर्वी यकृताची रक्ततपासणी करून घ्या.

मग आयुर्वेदाचा उपयोग कुठे?

माझ्या मते, सुरुवातीचे धोक्याचे दिवस पार पडल्यावर. भूक मेलेली असते, झोप तुटक असते, पोट साफ होत नाही. नोंदणीकृत वैद्य प्रकृती बघून औषध, आहार, अभ्यंग सुचवतात, त्याने माणसाला बरं वाटू शकतं. मात्र चालू असलेल्या ॲलोपॅथीच्या गोळ्या वैद्यांना दाखवा आणि वैद्यांचं औषध डॉक्टरांना. सगळं एका पिशवीत घालून न्या. औषधाच्या जोडीला समुपदेशन हवंच. पुन्हा प्यायला म्हणून लगेच वैद्य बदलू नका. घसरण होते, तेव्हा पुढची भेट लांबणीवर न टाकता लवकर घ्या.

तो यायलाच तयार नसेल तर तुम्ही एकट्या जा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे, आणि १४४१६ वर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे. १९८६ पासून काम करणाऱ्या पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. अल-ॲनॉनच्या सभा तर व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठीच असतात, आणि तिथे जायला त्याची परवानगी लागत नाही.