ॲव्हरेजही हवे आणि मजाही: छोटी गाडी निवडताना

छोटी गाडी घेताना घरात पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती?’ हाच निघतो. तो रास्तच आहे, परंतु त्याचे उत्तर आधी रुपयांत मांडून पाहावे. पेट्रोल १०० रुपये लिटर धरले आणि गाडी महिन्याला १००० किलोमीटर चालत असली, तर लिटरला २० किलोमीटर देणारी गाडी ५० लिटर पेट्रोल घेते आणि २५ देणारी ४० लिटर, म्हणजे फरक १००० रुपयांचा पडतो. याउलट १२ आणि १५ यांत अंतर तीनच किलोमीटरचे दिसत असले, तरी तेथे सुमारे १६७० रुपये वाचतात. ज्यांची गाडी महिन्याला जेमतेम ४०० किलोमीटर चालते, त्यांनी २० आणि २५ यांवरून घरात वाद घालण्यात अर्थ नाही. त्या ४०० रुपयांत मनासारखी चालणारी गाडी मिळत असेल, तर ती खुशाल घ्यावी.

कंपनी सांगते तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी ठेवून, ठरावीक चक्रानुसार मोजलेला असतो आणि त्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. संध्याकाळी कोंडीत अडकलेला पुण्याचा सिंहगड रस्ता त्या चक्रात नसतो. त्यामुळे हा आकडा दोन गाड्यांची तुलना करण्यापुरताच वापरावा.

चालवण्याची मजा मात्र केवळ हॉर्सपॉवरच्या आकड्यावरून कळत नाही. २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टमध्ये चार सिलिंडरच्या जागी तीन सिलिंडरचे इंजिन बसवले गेले, ताकद सुमारे ९० वरून ८२ पीएसवर (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर) आली आणि मॅन्युअल गाडीचे जाहीर ॲव्हरेज २४.८ झाले, टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढण्याचा जोर, मात्र जवळपास तेवढाच राहिला. म्हणून शहरात ही घट सहसा खटकत नाही, ती जाणवते महामार्गावर इंजिन ताणून ट्रकला ओव्हरटेक करताना. शिवाय गाडीचे वजन हजार किलोंच्या आत असले की वळणावर ती हलकी वाटते आणि पेट्रोलही कमी लागते; मजा आणि बचत एकाच कारणातून मिळण्याची ही एक जागा आहे.

जादा हवा आत ढकलून छोट्या इंजिनातून अधिक ताकद काढणाऱ्या टर्बो इंजिनाचे तसे नाही. ह्युंदाईच्या आय२० एन लाइनचे एक लिटरचे इंजिन १२० पीएस देते आणि ती गाडी घाटात खरोखर आनंद देते, पण तिचे ॲव्हरेज चालवणाऱ्याच्या उजव्या पायावर ठरते. एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप सांभाळणारी गाडी, रोजच्या कोंडीत डाव्या पायाला विश्रांती देते. मात्र चढणीवर गिअर बदलताना ती क्षणभर अडखळते, हे ज्यांना ताम्हिणी किंवा वरंध घाटाची ओढ आहे त्यांनी आधीच समजून घ्यावे. त्यांच्यासाठी मला अजूनही साधे, टर्बो नसलेले इंजिन आणि मॅन्युअल गिअर हीच जोडी योग्य वाटते. सीएनजीत इंधनाचा खर्च वाचतो, पण ताकद घटते आणि बहुतेक गाड्यांत डिकीही आक्रसते.

टेस्ट ड्राइव्हसाठी शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर समाधान मानू नये. घरच्या चार माणसांना बसवावे, एसी लावावा आणि जवळच्या एखाद्या चढणीवर जाण्याचा आग्रह धरावा. तेथे तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० च्या वेगावरून ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी कुरकुर न करता ओढते का, वळणात स्टिअरिंग सारखे सावरावे लागते का आणि अर्ध्या तासाने क्लचचा पाय भरून येतो का, हे तपासावे. सर्वांत महागड्या व्हेरिएंटची मोठी चाके दिसतात छान. परंतु रुंद टायरमुळे ॲव्हरेज थोडे घटते आणि टायरची बाजू बुटकी असल्याने खड्डे अधिक जाणवतात, तेव्हा इंजिन तेच असेल तर मधल्या व्हेरिएंटचीही एक फेरी मारावी.