चवथीच्या आरतीचं रेकॉर्डिंग: 24 बिट, 48 किलोहर्ट्झ आणि कार्डाचं गणित

नवा रेकॉर्डर हातात आला की गाडी मेन्यूत अडते. एकीकडे सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घ्यायचे: 44.1, 48, 96, 192. दुसरीकडे बिट, म्हणजे एकेक नमुना किती बारकाईने मोजायचा: 16, 24, 32 फ्लोट. चवथीला गोव्यात घुमटावर, म्हणजे मातीच्या मडक्यासारख्या वाद्यावर, होणारी घुमट आरती असो, भजन असो वा जत्रेतला दशावतारी काला, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट आणि वेव्ह फाइल लावा आणि मेन्यू बंद करा. एमपी3 रेकॉर्डरवर नको. ती शेवटी बनवता येते.

24 बिट कशासाठी, हे आरतीतच कळतं. सुरुवातीला एक घुमट, चार आवाज आणि संथ लय. तुम्ही त्यावर लेव्हल लावता. मग शमेळ हा ढोल भिडतो, कासाळं, म्हणजे झांज, वाजू लागतं, लय चढते आणि शेवटच्या आरतीला सगळं घर ओरडत असतं. तोवर मीटर लाल होऊन गेलेला असतो. शून्यावर, म्हणजे मीटरच्या वरच्या हद्दीवर, आपटून कापला गेलेला आवाज नंतर नीट सावरता येत नाही. म्हणून आधीच भरपूर जागा सोडायची: संथ भागात शिखरं उणे 30 डेसिबलच्या आसपास राहिली तरी चालतील, पण सर्वांत मोठा ठोका उणे 10 ते 12 च्या वर जाऊ नये. सुरू करण्यापूर्वी घुमटवाल्याला तालाचा शेवट पूर्ण जोरात वाजवून दाखवायला सांगा. तरी खऱ्या आरतीत तो त्याहून जोरात वाजवणारच, तेव्हा त्यावर आणखी 6 डेसिबल कमी करा.

एक बिट म्हणजे साधारण 6 डेसिबल. 16 बिटला 96 डेसिबलचा पल्ला मिळतो. त्यातले 20 वर मोकळे सोडले की उरतात 76. घरातल्या आरतीला तेही जेमतेम पुरतील, पण नंतर संथ भाग उचलायला गेलात की तळाची खरखर वर येऊ लागते. 24 बिटचा कागदावरचा पल्ला 144 डेसिबल आहे. प्रत्यक्षात चांगला कन्व्हर्टर, म्हणजे माइकच्या आवाजाचे आकडे करणारा भाग, 110 ते 120 च्या घरातच थांबतो, तरीही 20 सोडून 90 हातात राहतात. पंखा, पत्र्यावरचा पाऊस आणि शेजारच्या घरची आरती यांचा आवाज त्या तळाच्या कितीतरी वर असतो. म्हणजे 24 बिटने आवाज ‘गोड’ होत नाही. लेव्हल लावताना चुकायला जागा मिळते, एवढंच.

32 बिट फ्लोटचा खरा फायदा, म्हणजे लेव्हल चुकली तरी आवाज कापला न जाण्याचा, फक्त त्यासाठीच बनवलेल्या रेकॉर्डरवर होतो. तिथे सहसा एका चॅनलला दोन कन्व्हर्टर असतात, एक हळू आवाजाला आणि एक मोठ्या आवाजाला. माइक कॉम्प्युटरला जोडणारा साधा इंटरफेस 24 बिटच देतो. कॉम्प्युटरवर 32 फ्लोट निवडल्याने आत येताना कापलेलं काही परत मिळत नाही. आणि घुमटाच्या तोंडाशी धरलेला माइक स्वतःच फाटत असेल, तर फ्लोटही काही करू शकत नाही. माइक मागे घ्या.

सॅम्पल रेटबद्दल गैरसमज जास्त. 48 किलोहर्ट्झवर 24 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडता येतो, आणि माणसाचा कान 20 च्या वर जात नाही. कासाळ्याची ऐकू येणारी झणझण त्यात पूर्ण बसते. 96 ने ती ‘बारीक’ होत नाही, फाइल मात्र दुप्पट होते. 44.1 हा सीडीचा आकडा. व्हिडिओ 48 वर चालतो, आणि आज आरतीचा व्हिडिओ कुणी ना कुणी मागतोच. 96 दोनच वेळा लावा: आवाज मुद्दाम खूप संथ करून अभ्यासायचा असेल तेव्हा, किंवा जुन्या भजनाच्या कॅसेट जपून ठेवण्यासाठी उतरवताना. ध्वनिसंग्रहांच्या जागतिक संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं किमान 48 आणि शक्यतो 96 सांगतात, दोन्हीकडे 24 बिट. आपल्या दमट हवेत कॅसेटला बुरशी धरते. पुन्हा उतरवायची संधी मिळेलच असं नाही.

आता कार्ड. 48/24 स्टिरिओला तासाला साधारण 1.04 जीबी लागतात, 96/24 ला 2.07. गोव्यातल्या वास्कोच्या दामोदर सप्ताहासारखं अखंड 24 तासांचं भजन 48 वर 25 जीबीत बसतं, म्हणजे 32 जीबीचं कार्ड पुरतं. 96 वर 50 जीबी होतात आणि तेच कार्ड साधारण 15 तासांतच भरतं. साधी वेव्ह फाइल 4 जीबीच्या पुढे जात नाही. 48/24 वर ती हद्द साधारण चार तासांनी येते. बहुतेक रेकॉर्डर तिथे, काही 2 जीबीलाच, स्वतः नवी फाइल उघडतात. तुमचा रेकॉर्डर जोडावर काही गाळतो का, हे घरी रेडिओ लावून आधीच तपासा.

दोन रेकॉर्डर लावले तर दोघांनाही 48 ठेवा. तरी त्यांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी अशा दोन टाळ्या द्या. शेवटच्या टाळीवरून फरक कळतो.

16 बिटवर उतरायचं ते सगळं संकलन झाल्यावर, एकदाच आणि डिथर, म्हणजे बिट कमी करताना मुद्दाम मिसळायची अगदी बारीक खरखर, चालू ठेवून. सॅम्पल रेटही बदलायचा असेल तर तो आधी बदला. एमपी3 करायची असेल तर 24 बिटचीच फाइल द्या. मध्ये 16 ची पायरी नको.

शेवटी एक हमखास होणारी गफलत. 44.1 ची फाइल सॉफ्टवेअरने 48 समजून वाजवली की तास 55 मिनिटांत संपतो आणि काळी एकचा गायक पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध गाऊ लागतो. पेटी सोबत धरली की एकही पट्टी जुळत नाही. ओळखायची खूण तीच. फाइल बिघडलेली नसते. तिला ‘कन्व्हर्ट’ करू नका, तसं केल्यास चढा सूर कायमचा पक्का होतो. ट्रॅकच्या सेटिंगमध्ये रेट 44.1 असा नुसता दुरुस्त करा, गायक काळी एकवर परत येतो.