थेरपिस्टने सांगितलेल्या उपायामागचा पुरावा कसा शोधावा

अर्धांगवायूतून सावरणाऱ्या माणसाचा चांगला हात जाड हातमोज्यात घालून ठेवा आणि दुबळ्या हाताकडूनच कामं करून घ्या, असं ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाने) सांगितलं की घरचे चक्रावतात. चालतो तोच हात अडकवायचा? शंका रास्त आहे. तिचं उत्तर व्हॉट्सॲपवर विचारण्यापेक्षा थेरपिस्ट स्वतः जिथे शोधतात तिथेच जावं. त्यातलं बरंच फुकट वाचता येतं.

आधी प्रश्न कागदावर लिहा. ‘थेरपीचा उपयोग होतो का?’ हा फार मोघम झाला. कोणाला, कोणता उपाय, कशाच्या तुलनेत आणि कोणत्या कामात फरक पडावा, एवढं त्यात हवं. यातलं शेवटचं रुग्णालाच विचारा. मुलाला वाटतं बाबांना शर्टाची बटणं लावता यावीत. बाबांना हवं असतं आपल्या हाताने भात कालवून जेवायला. थेरपिस्टही ‘सीओपीएम’ नावाच्या मुलाखतीत हेच काढून घेतात: कोणती कामं महत्त्वाची, ती किती जमतात आणि त्यावर समाधान किती, याला रुग्ण स्वतः दहापैकी गुण देतो.

मग उपायाचं इंग्रजी नाव स्पेलिंगसकट लिहून घ्या. हातमोज्याच्या उपायाला ‘कन्स्ट्रेंट इंड्यूस्ड मूव्हमेंट थेरपी’ (Constraint-Induced Movement Therapy) म्हणतात.

शोध कॉक्रेन लायब्ररीपासून सुरू करा. तिथे एकाच प्रश्नावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासलेले असतात आणि साध्या भाषेतला सारांश कोणालाही वाचता येतो. या उपायावरच्या 2015 च्या आढाव्यात 42 अभ्यास आणि 1453 रुग्ण होते. निष्कर्ष असा, की हाताची हालचाल आणि वापर काही प्रमाणात सुधारला, पण त्यामुळे रोजच्या जगण्यातलं परावलंबन कमी झालं असं खात्रीने म्हणता येत नाही. सगळ्या शोधात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच वाक्य. हालचाल सुधारणं आणि भात कालवता येणं यांत अंतर आहे. अभ्यासात नेमकं काय मोजलं, ते दर वेळी बघा.

नंतर पबमेड, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या लेखांची ऑनलाइन सूची. तेच नाव आणि ‘स्ट्रोक’ (अर्धांगवायूचा झटका) टाका, डावीकडच्या गाळण्यांतून (फिल्टर) ‘रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल’ निवडा, म्हणजे रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडून केलेले तुलनेचे अभ्यास. इथे 2006 चा ‘एक्साइट’ हा गाजलेला अभ्यास सापडेल: 222 रुग्ण, झटका येऊन 3 ते 9 महिने झालेले. उपाय घेणाऱ्या गटाची प्रगती नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त झाली. पण बारकावे वाचा. मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता येणारेच रुग्ण घेतले होते. हातमोजा दोन आठवडे, जागेपणीच्या 90 टक्के वेळेपर्यंत, आणि सोबत दिवसाला 6 तासांपर्यंत सराव. बाबांचा हात पूर्ण लुळा असेल, तर हा अभ्यास त्यांच्याविषयी काही सांगतच नाही.

पेड्रो हा फिजिओथेरपीचा डेटाबेस. हाताच्या उपचारांवरचे अभ्यास तिथेही मिळतात, आणि अभ्यास किती काटेकोर होता याचे दहापैकी गुण दिसतात. पण तेवढे गुण बघून थांबू नका; उपायाने किती आणि कशात फरक पडला, ते गुण सांगत नाहीत.

परदेशी अभ्यासांत भारतीय बैठकीचा संडास नसतो, हाताने जेवणंही नसतं. त्यासाठी ‘इंडियन जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी’ चाळा. ते 1952 मध्ये स्थापन झालेल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या अखिल भारतीय संघटनेचं नियतकालिक आहे. कमला निंबकरांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचं शिक्षण सुरू केलं, तेव्हापासून आपल्याकडे ही विद्या आहे. अभ्यास लहान असले तरी माणसं आपल्यासारखी असतात.

यूट्यूबवरचे ‘पंधरा दिवसांत हात चालू’ वाले व्हिडिओ सोडून द्या. झटक्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत उपचारांशिवायही थोडी सुधारणा होतच असते, त्यामुळे एकट्या रुग्णाचा अनुभव काही सिद्ध करत नाही.

आणि वाचून झाल्यावर लगेच घरी प्रयोग नको. चांगल्या हातात काठी धरून चालणाऱ्याला हातमोजा घातला तर तो पडेल. सापडलेला सारांश घेऊन थेरपिस्टकडे जा आणि विचारा: यांच्या हाताला या अभ्यासाइतकी हालचाल आहे का? हातमोजा कधी काढायचा? रोज किती तास सराव जमवायचा? सहा तास अशक्य आहेत असं ठरलं, तर नावाच्या आधी ‘मॉडिफाइड’ हा शब्द जोडून पुन्हा शोधा. कमी तासांच्या पद्धतीवरचे अभ्यास वेगळे आहेत.