पहिली-दुसरीच्या वर्गात कला कुठे बसवायची?

गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत नव्याने रुजू झालेले शिक्षक हमखास विचारतात, ‘चित्रे काढत बसलो तर पोर्शन कधी संपवायचा?’ माझे सांगणे एकच: चित्रकलेच्या तासाची वाट पाहू नका, गणिताच्या आणि परिसर अभ्यासाच्या तासालाच चित्र काढून घ्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचाही आग्रह कला इतर विषयांत मिसळून शिकवण्याचाच आहे.

चतुर्थीच्या आधीचे दिवस यासाठी फार मोलाचे. गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचे, म्हणजे फळे-पाने टांगलेल्या लाकडी चौकटीचे, सामान तेव्हा घरोघरी येत असते. नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, तवशी (मोठ्या काकड्या), कांगल्यासारखी रानफळे, जमेल ते मुलांना आणायला सांगा. (रानफळे तोंडात घालू देऊ नका, त्यांतली काही विषारी असतात.) आधी ढीग लावून घ्या: वेलीवरचे, झाडावरचे, परसातले, रानातले. मग प्रत्येकाने एकेक फळ समोर ठेवून त्याचे चित्र काढायचे. काढायला बसले की मूल देठ, शिरा, सालीवरचे ठिपके बघू लागते. नुसत्या सांगण्याने ते इतके बारकाईने बघत नाही. माटोळीची लाकडी चौकट म्हणजे आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळीच. तीन ओळींत चार-चार चित्रे टांगली की तीन चोक बारा डोळ्यांसमोर दिसतात.

पण खरे शिकणे होते ते चित्र झाल्यावरच्या गप्पांत. नवे शिक्षक ‘छान!’ म्हणून पुढच्या बाकाकडे वळतात, तिथे थांबा. ‘इथे काय चाललंय, सांग बघू’ असे विचारा. घरी कोकणी बोलणाऱ्या मुलाला कोकणीतच सांगू द्या. त्यातले एक वाक्य मराठीत चित्राखाली तुम्ही लिहा आणि बोट फिरवत त्याच्याकडून वाचून घ्या. पुस्तक बघून गप्प होणारे मूलही आपल्या चित्राखालचे वाक्य वाचते, कारण त्याचा अर्थ त्याला आधीच ठाऊक असतो. काही आठवड्यांनी ते वाक्य त्याला स्वतः लिहू द्या.

तालासाठी घुमट हे गोव्याचे मातीचे तालवाद्य आहेच. २०१९ मध्ये त्याला राज्याच्या वारसावाद्याचा मान मिळाला. वाद्य नसेल तर बाकावर थाप चालते. तीन-तीनचे, चार-चारचे गट वाजवून घ्या, पाढ्यांना लय मिळते. मोठ्या वर्गांना जवळच्या देवळाच्या भिंतींवरची लाल-पांढरी कावी चित्रे दाखवा. लाल थर खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करतात, आणि त्यांतल्या वर्तुळाकृतींत सममिती सहज सापडते.

फळ्यावरच्या चित्राची नक्कल मात्र करायला लावू नका. तीस सारखी घरे, तीस सारखे डोंगर पाहून कोणाला काय समजले ते कळत नाही. महागडे रंगही नकोत. चिकणमाती मळून बोटांत बळ येते, पेन्सिल धरणे सोपे जाते. प्रत्येक चित्रामागे तारीख घालून ठेवा आणि पालकसभेत जूनचे व डिसेंबरचे चित्र शेजारी ठेवून दाखवा. गुणपत्रिकेत न दिसणारी प्रगती पालकांना तिथे दिसते.