इंदूरमध्ये कमी मिळकतीत भाड्याचे घर टिकवताना: कागदपत्रे, भाडे आणि स्वतःच्या घराचा विचार

खोली भाड्याने घेऊन महिन्याला बारा-पंधरा हजार रुपयांत घर चालवणाऱ्या इंदूरमधील कुटुंबांसाठी हे लिहीत आहे. मिळकत तोकडी असते हे खरेच. पण अशी घरे मोडतात ती बहुधा एखाद्याच महिन्यात, ज्या महिन्यात हातचे काम सुटते, घरात कोणी आजारी पडते आणि मदत मिळवण्यासाठी लागणारा कागद नेमका तयार नसतो. म्हणून पैशाच्या हिशेबाआधी कागदपत्रांची व्यवस्था करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पहिले काम समग्र आयडीचे. मध्य प्रदेशात प्रत्येक कुटुंबाला आठ अंकी आणि प्रत्येक सदस्याला नऊ अंकी समग्र क्रमांक असतो, आणि रेशनपासून पेन्शनपर्यंत राज्याच्या बहुतेक योजना त्याच्याच आधारे चालतात. हा क्रमांक आधारशी जोडून ई-केवायसी पूर्ण करून घ्यावी. आपल्या मराठी घरांत येथे एक हमखास अडचण येते: लग्न होऊन जळगाव किंवा बुलढाण्याहून आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेवर तसेच राहते आणि सासरच्या समग्रमध्ये चढतच नाही. तिकडचे नाव कमी केल्याचा दाखला आधी आणवावा. दुसरी अडचण नावाच्या स्पेलिंगची. महाराष्ट्रातील शाळेच्या दाखल्यावर ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत ‘डी’ने सुरू होते, तर इकडच्या कारकुनाच्या हातून तेच ‘जी’ने सुरू होते, आणि एवढ्या फरकावरून अर्ज परत येतो. आधार, समग्र आणि बँक पासबुक समोरासमोर ठेवून तिन्हींवरील नाव व जन्मतारीख एकदा अक्षर न् अक्षर जुळवून पाहावी.

समग्र नीट झाले की पात्रता पर्ची, म्हणजे रेशनचे धान्य मिळण्याची चिठ्ठी, काढावी. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली (2013) पात्र कुटुंबाला माणशी 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण 35 किलो धान्य दरमहा मिळते, आणि ते सध्या मोफत आहे. खोली बदलून परदेशीपुऱ्याहून बाणगंगेला गेलात तरी धान्य बंद पडण्याचे कारण नाही, कारण एक देश एक शिधापत्रिका व्यवस्थेमुळे कोणत्याही कंट्रोलवर (रेशन दुकानावर) अंगठा लावून ते उचलता येते. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या आजी-आजोबांचा अंगठा मशीनवर उमटत नसेल, तर आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने घेऊन ते अद्ययावत करावेत. आयुष्मान कार्डाचेही याच वेळी बघावे. पात्र कुटुंबाला त्यावर वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. भाडे थकण्याचे सुरुवातीचे कारण पुष्कळदा दवाखान्याचा खर्च हेच असते, म्हणून हे कार्ड आजारपण येण्याआधीच करून ठेवावे.

आता भाड्याकडे येऊ. खोली घेताना तोंडी बोलीवर राहू नये, मग मालक कितीही ओळखीचे असोत. अकरा महिन्यांचा करारनामा स्टॅम्प पेपरवर करावा आणि त्यात भाडे, डिपॉझिट, ते परत करण्याची अट, वीज-पाण्याचा हिशेब आणि खोली सोडण्यापूर्वी किती दिवस आधी सांगायचे, एवढे तरी स्पष्ट असावे. भाडे शक्यतो यूपीआयने द्यावे. रोख दिल्यास पावती घ्यावी. पावतीपुस्तक बाजारात मिळते, आणि मालकांना लिहिण्याचा कंटाळा असेल तर आपण स्वतः लिहून फक्त त्यांची सही घ्यावी: अमुक महिन्याचे भाडे, रक्कम, तारीख, सही. ही चार चिटोरी पुढे भांडण झाल्यास मोठ्या कामाची ठरतात.

विजेचा प्रश्न मात्र थोडा खोलात समजून घ्यावा, कारण गरीब भाडेकरूचे पैसे येथे नकळत जातात. राज्याच्या गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर 150 युनिटपर्यंत असेल तर पहिल्या 100 युनिटना 100 रुपयेच लागतात. हा वापर मीटरमागे मोजला जातो. एका मीटरवर मालकाचे घर आणि तीन खोल्या असतील, तर प्रत्येक कुटुंबाचा वापर साठ-सत्तर युनिटच असला तरी मीटरवरची बेरीज 150 च्या पुढे जाते आणि सवलत सगळ्यांचीच जाते. त्यात मालक युनिटला स्वतः ठरवलेला एकच दर लावत असतील, तर बिल आणखी फुगते. म्हणून दोन खोल्यांमधून निवड करायची असेल आणि एकीचे भाडे दोन-तीनशे रुपयांनी जास्त पण मीटर वेगळे असेल, तर हिशेब मांडून पाहावा. पुष्कळदा महाग वाटणारी खोलीच स्वस्त पडते.

काम सुटले आणि भाडे देणे जमणार नाही असे दिसले, तर तोंड लपवू नये. तारीख उलटण्याआधी मालकांकडे जावे आणि सरळ सांगावे, “काका, पगार पंधरा तारखेला होणार आहे. आज अर्धे भाडे घ्या, उरलेले सोळा तारखेला आणून देतो.” हे बोलणे झाल्यावर तेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावे, म्हणजे दोघांनाही लक्षात राहते. मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961 प्रमाणे थकबाकीची मागणी करणारी नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत भाडे भरण्याची मुदत भाडेकरूला असते, आणि घर खाली करवून घेण्यासाठी मालकाला कायद्याचाच मार्ग धरावा लागतो. वीज-पाणी तोडून किंवा बाहेरून कुलूप घालून भाडेकरूला काढता येत नाही. असे घडलेच, तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, जेथे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना वकील मोफत मिळतो. सरकारी कामे अडल्यास 181 ही सीएम हेल्पलाइन आहे, आणि मंगळवारी कलेक्टर कार्यालयात जनसुनावणी असते. तेथे अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात व एकीवर पोच घ्यावी.

भाडे भागवण्यासाठी रोजच्या वसुलीचे खासगी कर्ज मात्र काढू नये. शंभराला महिना दहा रुपये व्याज म्हणजे वर्षाला मुद्दलाहून अधिक व्याज, आणि पुढच्या महिन्याचे भाडे तर उभेच असते. फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी ही सरकारी कर्ज योजना आणि बायकांसाठी बचत गट हे त्याहून पुष्कळ बरे पर्याय आहेत.

स्वतःच्या घराची इच्छा रास्तच आहे. प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मध्ये वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत असलेली कुटुंबे दुर्बल गटात, 6 लाखांपर्यंतची अल्प उत्पन्न गटात आणि 9 लाखांपर्यंतची मध्यम गटात धरतात. देशात कोठेही पक्के घर नावावर नसावे, ही मुख्य अट आहे. घर बांधण्यासाठी किंवा भागीदारी प्रकल्पातील घरासाठी अडीच लाखांपर्यंत साहाय्य मिळते, तर कर्ज घेणाऱ्यांना पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के व्याज सवलत, जास्तीत जास्त 1.80 लाख रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. शहराच्या कडेची घरे बुक करण्यापूर्वी तेथून रोज राजवाड्याला किंवा पोलोग्राउंडला कामावर येण्याचे भाडे आणि मुलांची शाळा यांचाही हिशेब हप्त्यात मिळवावा.

सर्वांत मोठा धोका आहे नोटरीवरच्या प्लॉटचा. स्वस्त म्हणून लोक अवैध कॉलनीत आयुष्याची पुंजी ओततात आणि हातात राहतो फक्त नोटरीचा शिक्का. नोंदणी कायदा, 1908 प्रमाणे अशा जागेची मालकी नोंदणीकृत खरेदीखताशिवाय मिळत नाही, आणि मुखत्यारपत्रावरच्या विक्रीने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. अशा जागेवर बँकेचे कर्जही सहसा मिळत नाही. इसार देण्यापूर्वी खसरा (जमिनीचा सरकारी नोंदीतील क्रमांक) कोणाच्या नावावर आहे, जमिनीचे डायव्हर्शन, म्हणजे शेतजमिनीची बिगरशेती नोंद, झाले आहे का, नगर तथा ग्राम निवेश या नगररचना खात्याची मंजुरी आहे का, आणि कॉलनी 500 चौरस मीटरपेक्षा मोठी असेल तर रेरा (स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणीचा क्रमांक आहे का, हे स्वतः तपासावे. एवढे विचारल्यावर विकणारा चिडला किंवा “रजिस्ट्री नंतर करू” म्हणाला, तर त्याला एक रुपयाही देऊ नये.