कासच्या कवल्यापासून नॉर्विचपर्यंत : अठराव्या शतकातील डॉक्टर-वनस्पतिशास्त्रज्ञाचे चरित्र कसे लिहावे

साताऱ्याहून कास पठारावर सप्टेंबरात जाणाऱ्यांना कवल्याची पिवळी फुले हमखास दिसतात. वरच्या पाकळीवरील दोन तांबूस ठिपक्यांमुळे पर्यटकांनी त्यांना ‘मिकी माऊस’ असे नाव दिले आहे. या वनस्पतीचे शास्त्रीय नाव स्मिथिया हिर्सुटा डाल्झेल असे आहे. शाळेच्या हस्तलिखितासाठी, महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी किंवा निसर्गमंडळाच्या भित्तिपत्रकासाठी एखाद्या शास्त्रज्ञाचे चरित्र लिहायचे असेल, तर सुरुवात अशा एका नावापासून करावी, असे मी सुचवेन. ज्ञानकोशातील नोंद समोर ठेवून लिहिलेली चरित्रे बहुधा सारखीच वाचली जातात. परिचयाच्या वनस्पतीपासून निघालेला लेख मात्र वाचकाला आपल्या तालुक्यातून बाहेर घेऊन जातो.

प्रथम नावाचे तीन भाग वेगळे करावेत. ‘स्मिथिया’ ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) इंग्लंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ जेम्स एडवर्ड स्मिथ यांच्या सन्मानार्थ आहे. ‘हिर्सुटा’ हे जातीचे नाव अंगावरची लव सांगते. आणि शेवटचे ‘डाल्झेल’ हे त्या जातीचे वर्णन प्रसिद्ध करणाऱ्याचे नाव आहे. नवशिक्यांचा गोंधळ येथेच होतो. स्मिथ यांनी या प्रजातीचा शोध लावला, असे लिहिणे चूक आहे, कारण प्रजातीला हे नाव १७८९ मध्ये लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पती-उद्यानाचे प्रमुख विल्यम एटन यांच्या ग्रंथात मिळाले. ज्याच्या नावाने वनस्पती ओळखली जाते तो माणूस आणि ज्याने तिला नाव दिले तो माणूस निराळे असतात. लेखातील पहिल्याच परिच्छेदात हे स्पष्ट करावे.

वनस्पतीची ओळखही स्वतः पटवून घ्यावी. कवल्याची शेंग पेऱ्यापेऱ्यांची असून ती निदलपुंजाच्या (फुलाच्या तळाशी असलेल्या हिरव्या वेष्टनाच्या) आतच घडी घालून बसलेली असते. शेंगांच्या कुळात ही खूण चटकन ओळखू येते. पठारावर फुले तोडण्यास मनाई आहे, त्यामुळे भिंग आणि छायाचित्र यांवरच काम भागवावे.

त्यानंतर चरित्राचा कालपट मांडावा. स्मिथ यांचा जन्म १७५९ मध्ये नॉर्विच येथे, लोकरीच्या सधन व्यापाऱ्याच्या घरी झाला. १७८१ मध्ये ते वैद्यकाच्या शिक्षणासाठी एडिंबरोला गेले, १७८३ मध्ये लंडनला आले, १७८६ मध्ये त्यांनी नेदरलँड्समधील लायडन येथून डॉक्टरची पदवी घेतली, १७८८ मध्ये लंडनमध्ये निसर्गअभ्यासकांच्या लिनियन सोसायटीची स्थापना केली, १७९६ मध्ये विवाह करून ते नॉर्विचला परतले, १८१४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि १८२८ मध्ये त्यांचे निधन झाले. एवढ्या तारखा एका कागदावर उतरवल्या की लेखाचा सांगाडा तयार होतो, परंतु तो लेख नव्हे. प्रत्येक तारखेपुढे ‘का’ असा प्रश्न लिहावा आणि ज्या प्रश्नाला उत्तर सापडते त्यालाच जागा द्यावी.

उदाहरणार्थ, एडिंबरो आणि लायडन का? स्मिथ यांचे कुटुंब इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेरच्या पंथाचे होते आणि अशा कुटुंबांतील मुलांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी घेता येत नसे. हा अडसर पुढेही सुटला नाही; १८१८ मध्ये केंब्रिज येथे वनस्पतिशास्त्राची व्याख्याने देण्याचा त्यांचा बेत याच कारणावरून हाणून पाडण्यात आला, आणि तेव्हा तर ते देशातील अग्रगण्य वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पन्नाशी उलटलेल्या विद्वानाला धर्मपंथावरून वर्गाबाहेर ठेवणारा हा प्रसंग संक्षिप्त चरित्रांतून सहसा गळतो. तो गाळू नये.

दुसरा प्रश्न असा की, वैद्यकाचा विद्यार्थी वनस्पतींकडे वळलाच कसा? त्या काळी औषधे मुख्यतः वनस्पतींपासून बनत, म्हणून वनस्पतींची ओळख हा वैद्यकाच्या अभ्यासक्रमाचाच भाग होता. एडिंबरोचे प्राध्यापक जॉन होप रुग्णालयात रुग्णही तपासत आणि वनस्पती-उद्यानही सांभाळत. सजीवांना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणारे स्वीडनचे कार्ल लिनियस हे स्वतः उप्साला येथे वैद्यकाचे प्राध्यापक होते. हीच परंपरा पुढे आपल्याकडे पोहोचली : मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर १८६१ मध्ये डाल्झेल यांच्यासह ग्रंथ लिहिणारे अलेक्झांडर गिब्सन हे पेशाने शल्यवैद्य होते आणि पुण्याजवळच्या दापोडी येथील वनस्पती-उद्यान त्यांच्या देखरेखीखाली होते. तेव्हा ‘डॉक्टर असूनही त्यांना वनस्पतींची आवड होती’ असे वाक्य कोणी लिहिले असेल, तर ते खोडावे. त्यातील ‘असूनही’ हा शब्द आजच्या काळाचा आहे.

स्मिथ यांनी वैद्यकीचा व्यवसाय मात्र फारसा केला नाही. म्हणून अशा चरित्रात रुग्णसेवेची कल्पित चित्रे रंगवण्यापेक्षा पैसा कोठून आला हे पाहावे. याबाबत १७८४ ची खरेदी सर्वांत बोलकी आहे, आणि लेखाची निम्मी जागा तिला दिली तरी चालेल. लिनियस १७७८ मध्ये वारले, त्यांचा मुलगा १७८३ च्या नोव्हेंबरात वारला आणि कुटुंबाने लिनियस यांचा नमुन्यांचा व पुस्तकांचा संग्रह विकायला काढला. विक्रीचे पत्र लंडनमध्ये रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे आले, तेव्हा योगायोगाने स्मिथ तेथे न्याहारीला होते. बँक्स यांनी स्वतः खरेदी नाकारली आणि ते पत्र चोविशीतल्या या विद्यार्थ्यापुढे सरकवले. स्मिथ यांनी वडिलांची मनधरणी केली. लोकरीच्या व्यापारातला पैसा वनस्पतींच्या वाळलेल्या नमुन्यांत गेला. सुमारे १४,००० वनस्पती, ३,१९८ कीटक, १,५६४ शंख-शिंपले, शिवाय हजारो पत्रे आणि पुस्तके असा तो ऐवज २६ पेट्यांतून लंडनला उतरला.

येथे आकडे जपून लिहावेत. मागितलेली किंमत १००० गिनी होती, पौंड नव्हे. गिनी म्हणजे २१ शिलिंग आणि पौंड म्हणजे २०, त्यामुळे दोन्ही रकमा एक नाहीत. संग्रहाचा एक छोटा भाग वगळला गेल्याने किंमत काहीशी उतरली, आणि वाहतुकीसह एकंदर खर्च सुमारे १०८८ पौंड झाला. ‘हजार पौंडांना विकत घेतले’ असे सरधोपट लिहिलेले ठिकठिकाणी आढळते.

याच खरेदीला एक आख्यायिकाही चिकटली आहे : स्वीडनच्या राजाने पश्चात्ताप होऊन युद्धनौका पाठवली आणि तिने संग्रहाच्या जहाजाचा पाठलाग केला. या पाठलागाचे छापील चित्रही आहे, पण घटना खरी नाही. चित्र असले की घटना झाली, असे मानण्याची सवय चरित्रकाराने सोडावी; आख्यायिका द्यायचीच असेल तर ती आख्यायिका म्हणूनच द्यावी.

चरित्रनायकाच्या स्वतःच्या आठवणीही याच कसोटीवर घासाव्यात. ११ जानेवारी १७७८ रोजी आपण गॉर्स या काटेरी झुडपाचे फूल हाती घेऊन वर्गीकरणाचा अभ्यास सुरू केला आणि नेमके त्याच रात्री लिनियस वारले, असे स्मिथ यांनी नंतर लिहिले. लिनियस यांच्या निधनाची तारीख १० जानेवारी आहे. यात खोटेपणा नाही. गुरूचा वारसा आपल्याकडे आला, ही भावना तारखेला थोडीशी सरकवून गेली, इतकेच. हा तपशील लेखात जरूर द्यावा, कारण त्यातून माणूस दिसतो.

ग्रंथांचा उल्लेख थोडक्यात पुरे. ‘इंग्लिश बॉटनी’ हा ३६ खंडांचा ग्रंथ १७९० ते १८१४ या काळात निघाला. मजकूर स्मिथ यांचा आणि चित्रे जेम्स सॉवर्बी यांची होती, तरी लोकांच्या तोंडी तो ‘सॉवर्बीचा ग्रंथ’ म्हणूनच राहिला. बाकीची नावे यादीसारखी ओतू नयेत.

उणे बाजूही लपवू नये. नॉर्विचला परतताना स्मिथ यांनी संग्रह सोबत नेला, त्यामुळे लंडनमधील सदस्यांची गैरसोय झाली. आणि तहहयात अध्यक्ष असूनही त्यांनी तो सोसायटीला दान दिला नाही. त्यांच्या निधनानंतर सोसायटीला तो १८२९ मध्ये ३१५० पौंड मोजून विकत घ्यावा लागला आणि त्याचे कर्ज १८६१ पर्यंत फिटले नाही. माझ्या मते, स्मिथ यांचे मोठेपण नव्या शोधांपेक्षा राखणदारीत आहे, आणि तिलाही हिशेबाची ही बाजू होती.

शेवटी पडताळणी. लिनियस आणि स्मिथ या दोघांचेही नमुने लिनियन सोसायटीच्या संकेतस्थळावर छायाचित्ररूपात पाहता येतात, तर जुने ग्रंथ बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत विनामूल्य वाचता येतात. वनस्पतीचे सध्याचे मान्य नाव क्यू उद्यानाच्या संकेतस्थळावर तपासावे. नमुना प्रत्यक्ष पाहायचा असेल तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात चौकशी करावी. जाण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयाचे पत्र घ्यावे. छायाचित्राखाली मराठी नाव, शास्त्रीय नाव, स्थळ व महिना एवढे द्यावे, आणि छापण्यापूर्वी मसुदा वनस्पतिशास्त्राच्या एका शिक्षकांना व इतिहासाच्या एका शिक्षकांना स्वतंत्रपणे दाखवावा, कारण या दोघांना खटकणाऱ्या जागा सहसा वेगवेगळ्या असतात.